बंदूक पळवणारा बिबट्या

"मॅडम, कुणाचा इश्वास बसायचा न्हाई, पण बंदूक बिबट्यानं न्हेली व्हती," भिमाजी म्हणाला आणि पोलीस ठाण्यातल्या बाकावर असा ऐसपैस बसला, जणू त्या बिबट्याला यानंच धाडलं होतं.

सखूबाईनं पदराचं टोक मुठीत आवळलं. तिचा नवरा दादाभाऊ भिंतीला टेकून उभा होता. हातात ठासणीची बंदूक, खांद्याला बंदुकीच्या दारूची शिंगडी, चेहरा उतरलेला. भिमाजीचा पिवळा कुत्रा मोत्या कुणाला न विचारता आत आला आणि टेबलाखाली पसरला.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, हा दर वेळचा शिरस्ता. यंदाची शेवटची तारीख दहा होती. आज बारा उजाडली होती. मागच्या खेपेला उशीर करणाऱ्या एकाचा परवाना ठाण्याच्या साहेबांनी रद्द करायला लावला, हे मंचरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बटाटा काढणीला आलेला, रानडुकरं रोज बांधावर. परवाना गेला तर डुकरांपुढं काय थाळी वाजवायची?

आणि नेमकी सखूबाई तीन दिवस माहेरी. तिथं आभाळ असं भरून राहिलेलं की धुतलेलं लुगडंही वाळेना. काल सांजच्याला परतली, तर नवरा डोळ्याला डोळा देईना.

"दोन दिवस उशीर झालाय," हवालदार तेजस्विनी पेन उघडत म्हणाली. "कारण सांगा. मी लिहून घेते. पटलं तर साहेबांना मीच सांगेन."

"कारण फोटो," सखूबाई फणकारली. "ह्या भावजींचं येड!"

येड होतंच. एसटीतून निवृत्त झाल्यावर भिमाजीनं जुना क्यामेरा घेतला. लोक पाखरांचे फोटो काढतात, किल्ल्यांचे काढतात. हा काढायचा बंदुकांचे. मढ गावापासून पार आणे गावापर्यंत परवान्याची एक बंदूक त्यानं सोडली नव्हती. घोडा, चाप, दस्ता, गज, बार उडवायच्या टोप्यांची डबी, सगळं जवळून. आण्याला तर एका बंदुकीसाठी दोन दिवस पाहुणचार झोडत बसला, कारण काय, तर ऊन नव्हतं. "पितळंवर ऊन पडल्याबिगर बंदूक जिती दिसत न्हाई," असं म्हणायचा.

"नऊ तारखेची सकाळ," भिमाजीनं आवाज खाली आणला. "म्हणलं, जमा करायच्या आदी एक फोटो व्हऊ द्या. दादाभाऊ शेजारीच उभा. बांधावर घोंगडी हातरली, वर बंदूक, बाजूला शिंगडी, डबी. पट्टा लई सुकल्याला. चकाकावा म्हणून बकऱ्याची चरबी चोळली."

"चरबी?" तेजस्विनीनं वर पाहिलं.

"तीच नडली ना, राव! मी क्यामेऱ्याला डोळा लावला, आन् घोंगडीवरून बंदूक चालाय लागली! बघतो तर पट्टा बिबट्याच्या दातात. बंदूक फरफटत निघाली उसात."

"आणि तुम्ही?"

"मी फोटो काढला! दुसरा असता तर पळाला असता."

"पळाला न्हाईस, कारण पाय लटलटत व्हते," दादाभाऊ पहिल्यांदाच बोलला.

भिमाजीनं क्यामेऱ्याची मागची, फोटो दिसायची काच पुढं केली. पहिल्या फोटोत बंदूक झकास दिसत होती. कोवळ्या उन्हात पितळ सोन्यासारखं झळकत होतं. दुसऱ्यात उसाच्या पात्यांआड काहीतरी पिवळं, धूसर, शेपटीसकट. तिसऱ्यात चिखलातली पावलं, मापाला शेजारी काडेपेटी.

"दोन दिस ऊस पिंजून काढला आमी. आज सकाळच्याला घावली."

"वनखात्याला कळवलं नाही?"

"कळवलं असतं तर पिंजरा आला असता, दोनशे माणूस बघाय आलं असतं. ह्या गरिबाची बंदूक कोण हुडकणार?"

तेजस्विनीनं बंदूक टेबलावर घेतली. पट्ट्यावर बोट फिरवलं. कातड्यात दातांच्या खुणा खोल उतरल्या होत्या. तिनं पट्टा सोडला. त्याचं टोक टेबलाखाली लोंबत राहिलं.

"आमच्या वस्तीवरही येतो बिबट्या," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात कालवड नेली."

तेजस्विनी बराच वेळ लिहीत राहिली. मग उठून आतल्या खोलीत गेली. भिंतीवरल्या घड्याळाचा काटा सखूबाईला दगडाचा वाटला. आतून साहेबांचं हसू ऐकू आलं, एकदा, मग परत एकदा.

तेजस्विनी बाहेर आली. तिनं पावतीवर सही केली, शिक्का मारला, कागद दादाभाऊच्या हातात दिला.

"झालं. निकाल लागला की घेऊन जा. परवान्याला धक्का नाही."

दादाभाऊनं पावतीची घडी घालून आतल्या खिशात ठेवली आणि मटकन बाकावर बसला. सखूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडात हसू.

"भावजी, घरी चला. आज तुमाला झुणका करते. बिबट्यालाबी घेऊन या!"

भिमाजीनं मिशीवर हात फिरवला. "म्हणलं व्हतं ना, खऱ्याला मरण न्हाई!"

तेजस्विनीनं चौघांसाठी चहा सांगितला. चहा आला. तिनं फुंकर मारून एक घोट घेतला, क्यामेरा उचलून पुन्हा एकदा पाहिला आणि भिमाजीपुढं सरकवला.

"शिक्का बसलाय म्हणून आता बोलते, बाबा. नऊपासून आभाळ होतं, ऊन आज सकाळीच पडलंय. बिबट्या चालताना नखं आत घेतो, तुमच्या बिबट्याची चारी पावलं नखांसकट उमटलीत. आणि तो आत्ता माझ्या टेबलाखाली बसून पट्टा चाटतोय."