आप्पांची जागा

"जुनी हद्द पुसायची नाही, विद्याश्री. तिला शेवटची तारीख घालायची आणि नवी हद्द वेगळी काढायची." जमिनीचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवायला शिकवताना सर सांगायचे. म्हणून तर कळंब्यातलं विद्याश्रीच्या घरचं विकलेलं शेत, तिथं प्लॉट पडून वस्ती झाली तरी, नकाशात जुन्या तारखेला अजून तसंच होतं. कोपऱ्यातल्या आप्पांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, समाधीसकट.

अंथरुणाला खिळलेली तिची आजी, अव्वा, म्हणाली, "तुझं मशीन मागचं दावतंय म्हनं. मग माझ्या मालकांची जागा दाव की! किती सोमवार बेलाबिगर गेलं त्यांचं."

"शोधते अव्वा. सापडली की मी स्वतः बेल वाहून येते."

दुसऱ्या दिवशी विद्याश्रीनं जुन्या नकाशावर आजचा नकाशा ठेवला आणि समाधीच्या खुणेवर आता काय आलंय ते पाहिलं.

घरी येताच अव्वानं विचारलं, "घावली? कुनाच्या घराखाली गेलीया?"

"घराखाली न्हाई. रस्त्यात हाय. मी रोज ऑफिसला जाते, त्या."

"मग ब्येस झालं की गं! रोज गाठ पडत असंल तुमची."

सोमवारी विद्याश्रीनं स्कूटी दारातच ठेवली, बेलाची पानं ओंजळीत घेतली आणि ती अनवाणी निघाली.