उजवा गाल
दोन वर्षं न्हाव्याच्या उजव्या गालाला कुणी बोट लावलं नव्हतं. वारा लागला तरी विजेसारखी कळ मस्तकात जायची. दाढी डाव्या बाजूचीच होई. गिऱ्हाइकं थट्टा करत, तोही हसण्यावारी नेई. शेवटी वैद्यबाईंनी डॉक्टरांच्या गोळ्यांसोबत झाडपाल्याचा काढा सुरू केला. "तोंड कोरडं पडेल, गुंगी येईल. वस्तरा धरू नका," त्यांनी बजावलं. मग बायको त्याच्याकडूनच दाढी करायला शिकली आणि दुकान तिने सांभाळलं. तिसऱ्या महिन्यात कळा थांबल्या. आज तो स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. "उजवी बाजू कर." तिने वस्तरा खाली घेतला. "कळ आली तर?" "आली तर थांब." तिने फेस लावला, बोटांनी कातडी ताणली आणि वस्तरा अलगद फिरवला. त्याचे डोळे भरून आले. ती थांबली. "दुखलं?" "नाही गं. किती दिवसांनी तुझा हात लागला."