कौसाबाईचे वेढे

या माउली, असे जवळ सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. एका बाईच्या हाताची गोष्ट सांगतो, आणि ती पुरी सांगतो.

मोरिवलीच्या कारखान्यांमागच्या फुटक्या रस्त्यावर गाडी थडथडत होती. पहिल्याच खड्ड्याला पुण्याच्या कंपनीच्या साहेबांचं डोकं छताला लागलं. गाडी चालवणारा जितेशचा मित्र भूपेश हसू दाबत म्हणाला, "जितेशभाऊ, गाडी बनवली का घोडा? लगाम तरी द्यायचा ना यार!"

जितेश हसला नाही. नोकरी सांभाळून तीन वर्षं तो या गाडीला बसवलेल्या शॉक अब्सॉर्बरच्या मागे होता. नेहमीच्यात तेल असतं. याच्यात तेल नाही. लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेची कॉइल. खड्डा आला की छोटा कॉम्प्युटर कॉइलमध्ये हवी तेवढीच वीज सोडणार आणि धक्का जागच्या जागी जिरणार. वीज किती, हे सगळं एका आकड्यावर उभं होतं. प्रत्येक कॉइलला चारशे वेढे. साहेबांना पटलं असतं तर पुढचं काम कंपनी त्याच्याच हाती देणार होती.

कॉइल त्याच्या आईनं भरल्या होत्या. कौसाबाईनं उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या दुकानात तीस वर्षं पंख्याच्या जळक्या मोटरी नवी तार गुंडाळून भरल्या. "कौसाबाई का हाथ लगा है, दस साल वापस नहीं आएगी," असं शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा. या कॉइल मोठ्या, भरायच्या मशीनवर बसेनात. मशीन नाही म्हणजे वेढे मोजणारा काटाही नाही. म्हणून तिनं लाकडी साच्यावर हातानं भरल्या. मोजायला समोर नवरा, आनंदा. मोतीबिंदूनं त्याला फारसं दिसत नव्हतं, पण मोजायला डोळे कशाला लागतात? जितेश तेव्हा कामावर असायचा. आणि आईच्या कॉइलला मीटर लावून बघावं, असं कधी त्याच्या मनातही आलं नाही.

"कळवतो," म्हणून साहेब गेले. असं म्हणणारे कळवत नाहीत, हे जितेशला माहीत होतं.

घरी कौसाबाईनं शिरा करून ठेवला होता. तिनं दारातच विचारलं, "काय म्हणले रे साहेब?"

"काय म्हणणार? चार कॉइल, चार तऱ्हा. तुझा हात थरथरतो आई आता. मोजता येत नव्हतं तर तसं सांगायचं ना! तीन वर्षं पाण्यात गेली माझी."

तिनं दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"चुकलं असंल बाळा," म्हणाली, आणि शिऱ्यावर झाकण ठेवलं.

त्यानंतर तिनं तारेला हात लावला नाही. पाच महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तेरावं झाल्यावर जितेशनं त्या कॉइल बाहेर काढल्या. तांबं तरी मोडीत जाईल, म्हणून. मीटर टेबलावरच पडला होता. त्यानं सहज एका कॉइलला लावला. मग दुसरीला. तिसरीला लावताना तो खुर्चीवरून उठला. चारही कॉइलचा आकडा एकच होता, दशांशापर्यंत.

त्यानं एक कॉइल उलगडायला घेतली. मोजत गेला. वेढे भरले चारशे बत्तीस.

मग कॉम्प्युटरमध्ये फक्त तेवढा एक आकडा बदलला, दुसरी कॉइल चाचणीच्या चौकटीवर चढवली आणि जोरात धक्का दिला. धक्का जिरला. साधा आवाजही झाला नाही.

तो तसाच बापाकडे गेला. "बाबा, मी चारशे सांगितले होते. हे चारशे बत्तीस कसे?"

"चार माळा भरल्या की," आनंदा म्हणाला. "एका वेढ्याला ती एक नाम घ्यायची, मी एक मणी ओढायचो. मेरूमणी लागला की, 'शंभर झाले गं.' मणी एकशेआठ असले तरी माळ शंभराचीच धरायची ना रे? वरचे आठ चूकभुलीचे. देव ते मोजत नाही."

"म्हणजे तिचा एकही वेढा चुकला नव्हता! बाबा, हात बरोबर होता तिचा! मीच मीटर लावला नाही."

आनंदानं देव्हाऱ्याकडे मान वळवली.

"तू बोललास ना, त्या दिवशी तिनं माळ देव्हाऱ्यात ठेवली," तो म्हणाला. "ती परत घेतली नाही. मी म्हणायचो, अगं, नाम तरी घे. तर म्हणायची, लेकाचे चारशे धड मोजता आले नाहीत, देवाचं नाव काय मोजू?"

माउली, आता एवढं करा. उद्या माळ ओढताना मेरूपाशी याल, तेव्हा ते वरचे आठ मणी कौसाबाईच्या नावानं ओढा. पाच महिन्यांचं तिचं नाम राहिलंय.