माझा एक, तुझे चार

"आधी तू," खारू म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

बाबाने चमच्यातल्या पालकाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि गिळून टाकला. मग आइस्क्रीम खाल्ल्यासारखा चेहरा केला.

"मस्त झालाय. आता तू."

"माझा एक, तुझे चार. असंच ठरलंय."

असं कधी ठरलं हे त्याला आठवत नव्हतं. पण साडेपाच वर्षांच्या मुलीशी हुज्जत घालून कुणी जिंकल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. उरलेले तीन चमचे त्याने कसेबसे घशाखाली ढकलले. मग खारूने आपला एक खाल्ला, खुर्चीवरून उतरली आणि फ्रिजवरच्या कागदावर चांदण्या काढल्या. गाडीच्या चित्राखाली चार, मांजराच्या चित्राखाली एक. गाडी म्हणजे बाबा, मांजर म्हणजे ती.

लोकांना गाडी शिकवणं हा त्याचा धंदा. त्याच्या गाडीत शेजारच्या सीटपाशी दुसरा ब्रेक होता, म्हणून सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणत. सतरा वर्षांत त्याने एकच नियम पाळला होता. शिकणाऱ्याला वाटलं पाहिजे की गाडी तोच चालवतोय. आपला पाय ब्रेकवर आहे हे त्याला कळू द्यायचं नाही.

हाच नियम तो आता घरात वापरत होता.

महिन्यापूर्वी घरातल्या तिघांचीही रक्ततपासणी झाली. रिपोर्ट आणायला बायको गेली. आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"खारू भाजीला हात लावत नाही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, महिनाभर भाजी पोटात गेलीच पाहिजे. फरक पडला नाही तर गोळ्या. आणि त्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत."

एवढ्याशा जिवाला जन्मभराच्या गोळ्या.

"आणि माझं काय आलं?"

"तुझं काय, नेहमीचंच."

त्याने खारूच्या ताटाकडे पाहिलं. फरसबीचे तुकडे कडेला ओळीने मांडून ठेवलेले होते, एकालाही हात लागलेला नव्हता. शेजारी तिने बिस्किटं उघडून त्यातलं क्रीमही तसंच बाजूला ठेवलं होतं. एरवी संध्याकाळच्या शिकवण्या आटपून तो घरी यायचा तेव्हा पोर झोपलेली असायची. ती काय खाते आणि काय टाकते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली त्याला.

"दे माझ्याकडे," तो म्हणाला. "थरथरत्या हातांची माणसं घाटात गाडी चालवायला शिकवली मी. ही तर माझीच पोर."

बायको "बरं" म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

त्याने संध्याकाळी सातची शिकवणी सकाळवर ढकलली आणि रोज खारूबरोबर जेवायला बसू लागला. अडचण एकच होती. बटाटा सोडून दुसरी भाजी त्याने शाळा सुटल्यापासून तोंडात घातली नव्हती. बायको डब्यात द्यायची ती तशीच परत यायची. शेवटी तिने देणंच सोडलं होतं. आता मात्र त्याने कोबी खाल्ला, बीट खाल्लं, भोपळा खाल्ला. खारू रोज नाक मुरडायची, रोज "आधी तू" म्हणायची आणि तो चावत असताना त्याच्या जबड्याकडे टक लावून बघायची. कधी म्हणायची, "गिळलंस? आ कर बघू." तो मुकाट्याने आ करायचा.

पाचव्या दिवशी बालवाडीच्या दारात ताई म्हणाल्या, "तुमची खारू डब्यातलं गाजर कुणाला देत नाही हं. शेवटपर्यंत राखून ठेवते आणि मग चवीने खाते."

ब्रेकमास्तरची छाती फुगली. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "पाच दिवसांत. बघितलंस?"

"हो का," बायको म्हणाली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहून एकच पातेलं घासत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला पट्टा एक भोक आत घ्यावा लागला. त्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. त्याला ही जेवणं आवडायला लागली होती. भाजी नाही, जेवणं. टेबलाखाली खारू आपलं पाऊल त्याच्या पावलावर ठेवायची आणि तो चौथा चमचा गिळेपर्यंत काढायची नाही. इतकी वर्षं आपण या वेळी परक्या माणसांना गाडी मागे घ्यायला शिकवत होतो, याचं त्याला वाईट वाटायचं.

महिना भरला. शनिवारी सकाळी तिघंही दवाखान्यात गेली. खारूने येताना फ्रिजवरचा कागद काढून, घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवला होता.

डॉक्टरीणबाईंनी बोटाला टोचायची बारीक सुई काढली. ब्रेकमास्तरने खारूला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.

"घाबरायचं नाही हं, बाळा. मुंगी चावल्यासारखं होईल."

"तिचे डोळे कशाला झाकताय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोट द्या ना तुमचं."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती, पण तिचे डोळे भरून आले होते.

टोचून झालं. छोट्या यंत्रावर साखरेचा आकडा आला आणि डॉक्टरीणबाई हसल्या. तेवढ्यात खारूने खिशातला कागद काढून टेबलावर पसरला आणि गाडीखालच्या चांदण्यांवरून बोट फिरवलं.

"रोज चार चमचे. मी आ करून बघितलंय," ती म्हणाली. "आता बाबाला गोळ्या नकोत ना? मग मला भाजी आधीपासूनच आवडते, हे आता सांगू का त्याला?"