सेदरच्या टेबलाची मोजणी

"अदीन," दाफनाने चित्रातल्या ताटावर बोट ठेवलं. "द्वा," मेणबत्त्यांवर. मग रोट्या, मग द्राक्षरसाचे प्याले. सगळी मोजणी रशियनमध्ये. पेर्लाने हातातला घास ताटात परत ठेवला.

पेसाख या ज्यू सणाच्या रात्रीचं सेदरचं जेवण पेर्लाच्याच घरी, इस्राएलातल्या बात यामला होतं. कांद्याच्या सालींत अंडी रात्रभर तिने शिजवली होती. आणि चार वर्षांची नात दाफना बसली होती ती विहीणबाईंच्या मांडीवर! पुस्तकही राइसाविहिणीनेच आणलेलं, आपल्या सणांच्या चित्रांतून आकडे शिकवणारं. हिब्रू, रशियन, इंग्रजी, फ्रेंच, चार भाषा होत्या त्यात. तुर्कस्तानातल्या इझमीरहून आलेल्या पेर्लाची ज्यू बोली, लादिनो, तेवढी नव्हती. "तुमची भाषा आता छापत नाहीत वाटतं?" राइसाने दारातच गोड आवाजात विचारलं होतं.

पेर्लाचा नुसता जळफळाट झाला होता. रोज दुपारी पोरीला सांभाळायचं आपण, नाक पुसायचं आपण, आणि महिन्यातून एकदा खेळणी घेऊन उगवायचं तिने. आयत्या बिळावर नागोबा!

शेवटच्या पानावर रिकामं टेबल होतं. 'तुमच्या घरी सेदरला किती माणसं आहेत? मोजा.'

"मोज गं माझी राणी," राइसा म्हणाली.

दाफनाचं बोट नाचत निघालं. बाबा, अदीन. आई, द्वा. मान वळवून मागे राइसाकडे, बाबुश्का, त्री. पेर्ला सावरून बसली. बोट तिच्यापाशी आलं, थबकलं आणि सरळ पलीकडे बसलेल्या मामावर गेलं. "चेतीरे. संपली माणसं!"

"आणि नोना गं?" बापाने पेर्लाकडे बोट दाखवत विचारलं.

"तिला नाही मोजायचं."

पेर्ला उठली आणि ताटं गोळा करू लागली. "बरोबरच आहे. वाढणारीला कोण मोजतंय?" आता ताटं आपटली असती तरी तिला बरं वाटलं असतं.

"अगं नोना, तूच सांगितलंस ना, माणसं मोजली की नजर लागते! तुला काही झालं म्हणजे?"

बाप खो खो हसला. "आणि आम्हाला लागली तर चालेल होय गं?"

"बाबुश्काला मोजलेलं आवडतं," दाफनाने खांदे उडवले.

पेर्लाला आभाळ ठेंगणं झालं. आता विहिणीची जिरलेली बघावी म्हणून तिने मोठ्या हौसेने राइसाकडे पाहिलं. राइसा हसत होती, पण नुसत्या ओठांनी. पुस्तक तिने मिटून टाकलं होतं आणि पोरीला उगाचच घट्ट धरलं होतं. तो चेहरा पेर्लाच्या चांगलाच ओळखीचा होता. आतून काय जळतंय, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तिने हातातली ताटं खाली ठेवली.

"दाफना, पुन्हा पहिल्यापासून मोज," ती म्हणाली, "आणि बाबुश्कालाही वगळ."