तिसरी वायर

शिडीवरून मला दोन्ही बाजू दिसत होत्या. ऑफिसच्या मधोमध परवाच प्लायवूडची भिंत उभी राहिली होती, अजून तिला रंगही लागला नव्हता. दोघा भावांना इंटरनेटच्या एकाच डब्यावर, म्हणजे स्विचवर, दोन वेगळी नेटवर्क हवी होती, एकाच्या फायली दुसऱ्याला अजिबात दिसू नयेत अशी. "तेवढं नीट बघा," असं दोघांनीही मला वेगवेगळं गाठून बजावलं होतं.

स्विचमध्ये थोरल्याची वायर घातली, धाकट्याची घातली. हातात उरली ती त्यांच्या वडिलांच्या कॉम्प्युटरची. चाळीस वर्षं नकाशे काढून ज्यांनी हे ऑफिस उभं केलं, ते नाना भिंतीलगतच्या टेबलाशी ब्लेडने पेन्सिलीला टोक करत होते.

"नानांचं कुणाकडे जोडू?" मी विचारलं.

"त्याच्याकडे," थोरला म्हणाला.

"दादाकडेच असू दे," भिंतीपलीकडून धाकटा म्हणाला.

ब्लेड थांबलं. नाना उठले, वाकले आणि कॉम्प्युटरमागची वायर त्यांनी स्वतःच काढली. ती नीट गुंडाळत ते शिडीपाशी आले.

"घेऊन जा," ते म्हणाले, "चांगली आहे अजून. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."