डाव्या खांद्यामागे

आजारी मुलांच्या वॉर्डात चित्रं काढणाऱ्या बाईंचा हात सहसा चुकत नसे. पण खिडकीजवळच्या खाटेवरच्या सात वर्षांच्या मुलीचे डोळे काही केल्या जमेनात. संध्याकाळी बाई बुबुळं सरळ रंगवून जात, आणि सकाळी चित्रातली मुलगी त्यांच्या डाव्या खांद्यामागे बघत असे.

तीनदा असं झाल्यावर बाईंनी मुलीलाच विचारलं, "तिकडे काय आहे गं?"

"ती बसते ना तिथे," मुलगी सहज म्हणाली. "मला चल म्हणते."

उशाशी बसलेल्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. "ताई, काहीही करा, पण माझ्या पोरीची नजर तिकडे जाऊ देऊ नका."

बाईंनी बाह्या सरसावल्या. चित्र आणि स्टूल ओढत नेऊन नेमक्या त्याच जागी मांडलं आणि तिथल्या भिंतीला पाठ टेकून बसल्या. आता मागे मुंगी शिरायलाही जागा नव्हती.

"हं, बघ माझ्याकडे."

मुलगी बघू लागली. कुंचला सरसर चालला. एक डोळा पुरा झाला.

"मावशी, तुम्ही तिच्या जागेवर बसलात," मुलगी कुजबुजली. "ती उठा म्हणतेय."

"मी उठायची नाही. चांगली ऐंशी किलोची आहे मी. तिला म्हणावं, हलवून दाखव."

बाईंनी दुसऱ्या डोळ्यावर कुंचला टेकवला. तेवढ्यात पाठीमागून, जिथे नुसती भिंत होती तिथून, कुणीतरी त्यांच्यासकट स्टूल हळूच पुढे सरकवलं.